मोटारीचं दावं

बाळांनो,

परवा फोनवर तुम्ही दोघं भांडत होतात आणि मला मध्ये घेतलंत. धाकटीनं आपली जुनी गाडी विकली. गाडीवर तिनं मुद्दाम मागून घेतलेला नंबर होता, आणि आता घेणारा म्हणतो, गाडी माझी झाली तर नंबरही माझाच. थोरला म्हणाला, बरोबर आहे त्याचं. धाकटी म्हणाली, नंबर मी मागितला, मी मिरवला, तो त्याचा कसा? मग थोरला म्हणाला, "आजीला विचार," आणि तुम्ही दोघंही हसलात. मी म्हटलं, लिहून कळवते.

हसण्यासारखं त्यात काही नव्हतं. हा वाद आपल्या घरात फार पूर्वी होऊन गेला आहे, इंग्रजांच्या राज्यात, आणि त्याचा निकालही लागलेला आहे. तुमच्या तिकडचा कायदा मला ठाऊक नाही, त्यामुळे धाकटीला उपयोग होईल की नाही सांगता येत नाही. पण लिहायला आणखी एक कारण आहे. या महिन्यात मी स्वयंपाकघरातली पितळेची भांडी काढली, घासली, आणि कोणतं कुणाला ते ठरवून प्रत्येकात एकेक चिठ्ठी टाकली. सगळी भांडी मार्गी लागली. पिण्याच्या पाण्याच्या घागरीवर झाकण म्हणून ठेवलेली चपटी पाटी तेवढी राहिली. लहानपणी तुम्ही तिच्यावर बोटं फिरवून आकडा वाचत होतात. ती कुणाला द्यायची ते तिची हकीकत कळल्यावर तुम्हीच ठरवा.

माझे वडील निपाणीत तंबाखूचे व्यापारी. आम्ही त्यांना अण्णा म्हणत असू. घर एकत्र होतं आणि घरात शब्द चालायचा तो थोरल्या आप्पांचा, म्हणजे अण्णांच्या थोरल्या भावाचा. अण्णांना हौस दोनच गोष्टींची होती. दारात मोटार असावी ही एक, आणि मुलगी इंग्रजी शिकावी ही दुसरी. थोरल्या आप्पांना दोन्हींमध्ये अर्थ दिसत नव्हता, पण धाकट्या भावावर त्यांचा जीव होता, म्हणून त्यांनी दोन्ही चालवून घेतल्या.

मोटार आली, पण रस्त्यावर आली नाही. तेव्हा जिल्ह्यात मोटारी थोड्या होत्या. बेळगावच्या कचेरीत नंबर ओळीनं देत, आज एकाला एक, पुढच्याला पुढचा. अण्णांनी चौकशी केली तेव्हा चोवीस यायला अजून दोन-चार मोटारी अवकाश होता. तीर्थंकर चोवीस, तेव्हा आमच्या मोटारीला चोवीसच पाहिजे, असं त्यांनी ठरवलं. साहेबाला अर्ज करून भागण्यासारखं ते नव्हतं. आपली पाळी येईपर्यंत थांबायचं, एवढाच मार्ग होता. म्हणून नवी कोरी मोटार तंबाखूच्या वखारीत ताडपत्रीखाली उभी राहिली आणि जिल्ह्यात आणखी कोण मोटार घेतो याची अण्णा वाट बघत बसले.

बाजारातले लोक ही संधी सोडणार थोडेच. "काय अण्णा, मोटार गाभण हाय काय? बाहेर काढत न्हाईसा," असं कुणीही जाता जाता विचारायचं. अण्णा म्हणायचे, "दिवस भरू देत की." संध्याकाळी वखार रिकामी झाली की ते ताडपत्री अर्धी बाजूला करायचे. मी चाक धरून बसायची, अण्णा शेजारी, आणि अंगणात कुणी नाही याची खात्री करून आई मागच्या गादीवर येऊन बसायची. मोटार जागची हलत नसे. तंबाखूच्या वासात बसून आम्ही कोल्हापूरला जाऊन येत असू.

शेवटी बेळगावहून निरोप आला की तेविसावा नंबर गेला. अण्णा दुसऱ्या दिवशी पहाटेच निघाले आणि चोवीस घेऊन आले.

आता पाटीबद्दल. माझ्या आईचं माहेर सदलग्याचं. घरात बोलणं कानडी, मराठी तिला लग्नानंतर आलं. तिच्या आईनं लग्नात तिला पितळेची घागर दिली होती आणि घागरीच्या पोटावर ठिपक्या-ठिपक्यांनी कानडी अक्षरांत तिचं माहेरचं नाव आणि गावाचं नाव घालून दिलं होतं. सासरी बायकांचं नाव बदलायची आमच्याकडे रीत. त्यामुळे ते जुनं नाव या घरात फक्त त्या घागरीवर होतं. पुढे घागर बुडाशी फुटली. डाग देऊन झाला, तो टिकला नाही. तांब्या-पितळेच्या दुकानात मोड म्हणून द्यायला आई तयार नव्हती. फुटकी घागर माळ्यावर पडून राहिली.

नंबराच्या पाट्या रंगवून घ्यायला अण्णा निघाले तेव्हा आई म्हणाली, "रंग कशाला? रंग जातोय की. माझी घागर न्या."

तांबटानं घागरीच्या पोटाचा पत्रा कापला, ठोकून सपाट केला आणि त्यावर बारीक अक्षरांत जिल्हा आणि मोठा चोवीस उठवला. नाव पुसायचं नाही, अशी आईची ताकीद होती. म्हणून त्यानं नावाकडच्या बाजूनं ठोकून आकडा उलट बाजूला काढला. पाटी मोटारीच्या तोंडावर बसली तेव्हा चोवीस रस्त्याकडे आणि आईचं माहेरचं नाव इंजिनाकडे. मागची पाटी साध्या पत्र्याची, रंगाऱ्याकडून करून घेतलेली. पितळ एकाच पाटीला पुरलं होतं.

दर अमावास्येला आई पान्यानं ती पाटी स्वतः काढायची, चिंचेनं घासायची आणि परत बसवायची. ऊन पडलं की पाटीकडे बघवायचं नाही. संकेश्वरापासून लोक म्हणायचे, ती बघा चमकत आली, चोवीस नंबर.

अण्णा गेले तेव्हा मी बेळगावात इंग्रजी शाळेत होते. त्याबद्दल इथं लिहीत नाही. मोटार पुन्हा ताडपत्रीखाली गेली. घरात दुसरं कुणी ती चालवणारं नव्हतं. मागच्या गादीवर कोंबड्या अंडी घालू लागल्या. उभ्या लोखंडाला गंज खातो, असं म्हणून थोरल्या आप्पांनी ती विकायचं ठरवलं आणि त्यात त्यांचं काही चुकलं नाही.

घेणारे बेळगावकडच्या एका खेड्यातले शेतकरी होते. जमीन भावाच्या हवाली करून त्यांनी बेळगाव-निपाणी रस्त्यावर भाड्यानं उतारू नेणारी सर्व्हिस मोटार चालू केली होती आणि त्यांना दुसरी पाहिजे होती. थोरले आप्पा बाजारातले जुने माणूस. भाव तोंडानं बोलणं त्यांना कमीपणाचं वाटे. सोप्यावर, म्हणजे पुढच्या ओसरीवर बसून त्यांनी आपलं उपरणं दोघांच्या हातांवर टाकलं आणि खाली बोटं धरून सौदा झाला, जनावरांच्या बाजारात होतो तसा. उपरणं काढल्यावर आप्पा म्हणाले, "उभी हाय तशी दिली." सर्व्हिसवाले म्हणाले, "उभी हाय तशी घेतली."

मी दिवाळीच्या सुटीला आले होते. दुसऱ्या दिवशी सकाळी सर्व्हिसवाले नारळ आणि झेंडूचा जाडजूड हार घेऊन आले. वखारीतच आईनं तो हार मोटारीच्या तोंडावर घातला, दारात त्यांनी नारळ फोडला, आणि मोटार गेली. आई दारात उभी होती. रडेल असं मला वाटलं होतं. ती शांतपणे आत गेली आणि तांदूळ निवडायला बसली.

सर्व्हिसवाले दुसऱ्याच दिवशी दुपारी परत आले, तेही त्याच मोटारीतून. मोटारीच्या तोंडावर पाटी नव्हती. संकेश्वरात चहाला थांबले असताना एका शेळीनं हार खाल्ला, तेव्हा त्यांना ते दिसलं होतं.

"आप्पा, मोटार दिलीसा आन् मोटारीचं तोंड ठिवून घेतलंसा व्हय?" सोप्यावर टेकत ते म्हणाले.

आप्पांना काहीच माहीत नव्हतं. त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि मी दाराकडे. दाराआड आई होती. थोरल्या दिरांशी ती कधी समोरून बोलत नसे. त्यांच्याशी बोलायचं ते माझ्यामार्फत, आणि मध्ये एका फळीचं अंतर असलं तरी मी सांगितल्याशिवाय आप्पांना ते ऐकू आलेलं नसे.

"सांग त्यांना," आई आतून म्हणाली, "पाटी मी काढली."

"पाटी आईनं काढली," मी म्हटलं.

"का, म्हणून इचार," आप्पा म्हणाले.

"सांग, जनावर विकलं तर दावं देत न्हाईत."

हे तुम्हांला सांगायला हवं. आमच्याकडे बैल विकला, म्हैस विकली, तर जनावराच्या गळ्यातलं दावं विकणाऱ्यानं सोडून घ्यायचं आणि घरी आणायचं. घेणाऱ्यानं आपलं नवं दावं घेऊन यायचं. दावं गेलं तर त्याच्या मागोमाग गोठ्यातली लक्ष्मी जाते. आप्पांनी स्वतः विकलेल्या बैलांची दावी गोठ्यात खुंटीला टांगलेली होती आणि त्यांना हात लावायची कुणाची छाती नव्हती. आईनं तोच न्याय मोटारीला लावला होता. आप्पांची नजर गोठ्याकडे गेली.

सर्व्हिसवाले मात्र शेतकरी होते. दावं त्यांना कुणी शिकवायला नको होतं.

"आक्का," ते दाराकडे बघून म्हणाले, "दावं गळ्यात असतंय. ते तुमचं, कबूल. पर ही पाटी कपाळावर हुती. बैल इकून कपाळ ठिवून घेतंय व्हय कोन?"

आत तांदळाच्या सुपाचा आवाज थांबला. मला वाटलं, आई हरली.

सर्व्हिसवाले वाईट माणूस नव्हते. ते गादीवरून पुढे सरकले आणि आप्पांना समजावून सांगू लागले. "आप्पा, माझा धंदा पाटीवर हाय. बाजाराला येनारी निम्मी मानसं वाचाय शिकल्याली न्हाईत. पितळ चमाकलं की म्हनत्यात, ही निपाणीची चोवीस नंबर, चांगल्या घरची मोटार, हिच्यात बसा. काल पाटी न्हवती तर संकेश्वरात चार मानसं माज्या मोटारीत चढली न्हाईत. म्हनली, ही ती न्हवं. पाटीसाठीच तर घेतली मी. चोवीस नंबर सर्व्हिसला येनार म्हनून वाटेवर सांगून ठिवलंय."

आप्पांचा चेहरा पडला. "मी उभी हाय तशी म्हटलंय," ते म्हणाले. "बाजारात उद्या काय तोंड दाखवू? पाटी द्या म्हणून सांग आईला."

मी सांगायच्या आधीच आतून उत्तर आलं. "सांग, उभी होती तशी म्हणजे मोटार. सदलग्याची घागर नव्हे. उपरण्याखाली घागरीचं बोट कोणतं धरलं होतं, ते विचार."

हे मात्र मला आप्पांना सांगावं लागलं नाही. सर्व्हिसवाले मोठ्यानं हसले, आणि आप्पांनी चेहरा कोरा ठेवला तरी त्यांच्या मिशीच्या कडा हलल्या. उपरण्याखालची बोटं भाव सांगतात. पितळ कुणाचं ते सांगायला बोट नाही.

पण हसून वाद मिटत नाही. शेवटी सर्व्हिसवालेच म्हणाले, "जेनं नंबर दिला तेलाच इचारू. बेळगावात सायब हाय. तेनं सांगितलं तर मी गप बशीन. तेनं माजं हाय म्हटलं तर आक्कांनी पाटी द्यावी."

आत सूप खाली ठेवल्याचा आवाज आला. मग आई म्हणाली, "सांग, साहेबानं दे म्हटलं तर तिथंच देईन. पण मी स्वतः येणार."

आमच्या घरातली कुणी बाई तोपर्यंत कचेरीची पायरी चढली नव्हती. आप्पा म्हणाले, "तुझी आई येऊन काय करणार?" आई म्हणाली, "सांग, पाटी मी दुसऱ्याच्या हातात देणार नाही." तेव्हा आप्पांनी मलाही बरोबर घेतलं. साहेबाशी इंग्रजीत कोण बोलणार, हा प्रश्न होताच. माझं मॅट्रिक झालं की शिक्षण बस, असं त्या सुटीत दोनदा तरी त्यांच्या तोंडून निघालं होतं. मोटारीत बसताना त्यांना त्याची आठवण झाली की नाही, माहीत नाही.

आम्ही त्याच मोटारीतून बेळगावला गेलो. पुढे सर्व्हिसवाले आणि आप्पा, मागे आई आणि मी, आईच्या मांडीवर जुन्या लुगड्याच्या धडप्यात बांधलेली पाटी. निपाणी सोडल्यावर आई माझ्या कानात म्हणाली, "ही चालती तेव्हा गादी किती हादरते." अण्णांबरोबर ती या मोटारीतून पुष्कळ हिंडली होती, पण बहुधा वखारीतल्या आमच्या कोल्हापूरच्या सफरीच तिच्या मनात जास्त पक्क्या बसल्या होत्या. संकेश्वरात एका म्हाताऱ्यानं मोटारीच्या समोर वाकून बघितलं आणि कानडीत विचारलं, चोवीस नंबर कधी येणार. सर्व्हिसवाल्यांनी मागे वळून आईकडे नुसतं बघितलं. त्यांचं दुःख खरं आहे हे आईला त्या वेळी समजलं असावं, कारण हत्तरगीपर्यंत ती मांडीवरच्या गाठोड्याकडेच बघत होती.

साहेबाच्या कचेरीच्या आवारात आम्हांला थांबवलं. साहेब फेरीवर गेले होते. आप्पा आणि सर्व्हिसवाले व्हरांड्यात उकिडवे बसले. आई खांबाला टेकून उभी राहिली. मला स्वस्थ बसवत नव्हतं, म्हणून आवारात उभ्या असलेल्या मोटारी बघत मी हिंडले. एक साहेबाची, एक डॉक्टरची असावी, दोन लष्कराकडच्या. सगळ्यांच्या पाट्या मी वाचल्या. वाचताना एक गोष्ट लक्षात आली, ती मी मनात ठेवली.

साहेब आले. उंच, उन्हानं नाक सोललेले. परीक्षेसाठी शिकलेलं मराठी ते बोलत. "आपणांस काय पाहिजे आहे?" त्यांनी विचारलं. आप्पांनी आणि सर्व्हिसवाल्यांनी एकदम सांगायला सुरुवात केली. दावं, कपाळ, शेळी, उपरणं हे सगळं त्यांच्या मराठीच्या पलीकडचं होतं. त्यांनी दोन्ही हात वर केले. मग मी इंग्रजीत सांगितलं. साहेबांच्या भुवया वर गेल्या, पण त्यांनी मध्ये न बोलता सगळं ऐकलं. दाव्याची रीत त्यांना फार आवडली. ती त्यांनी मला दोनदा सांगायला लावली.

मग ते म्हणाले, "नंबर मोटारीचा. मोटार ज्याच्या नावावर, नंबर त्याच्या हाती. तो विकता येत नाही आणि ठेवूनही घेता येत नाही. मोटार भंगारात जाईल तेव्हाच नंबर तिची पाठ सोडेल."

मी मराठीत सांगितलं. सर्व्हिसवाल्यांनी दोन्ही हात जोडले. आप्पांनी सुटकेचा श्वास सोडला, कारण त्यांचा शब्द राहिला होता. आईनं धडप्याची गाठ सोडायला सुरुवात केली. तिनं तिथंच देईन असं म्हटलं होतं आणि ती देणार होती. 

मी म्हटलं, "साहेब, नंबर मोटारीचा. पण पितळ कुणाचं?"

"कसलं पितळ?"

"पाटी पितळेची आहे. आणि मला आणखी एक विचारायचं आहे. बाहेरच्या सगळ्या मोटारींच्या पाट्या काळ्या आहेत आणि अंक पांढरे. तसा नियम आहे का?"

साहेब पुढे आले. त्यांनी आईकडून पाटी घेतली, आवारात नेली आणि सर्व्हिसवाल्यांना ती मोटारीच्या तोंडावर धरायला सांगितली. दुपारचं ऊन सरळ तिच्यावर आलं. साहेब मागे मागे सरकत गेले, फाटकापर्यंत पोचले, डोळ्यांवर हात धरला, डोळे बारीक केले. आईची चिंच त्या दिवशी कामाला आली. चोवीस सोडाच, पाटी की आरसा तेही सांगता आलं नसतं.

"ही रस्त्यावर होती?" परत येऊन त्यांनी विचारलं. "इतकी वर्षं? निपाणीच्या पोलिसांना ही वाचता येत होती?"

"त्यांना वाचावी लागत नव्हती," मी म्हटलं. "त्यांना पाठ होती."

साहेब हसले. मग गंभीर झाले आणि म्हणाले, ही पाटी माझ्या जिल्ह्यात कुठल्याच मोटारीवर लागणार नाही. काळी पाटी करा, पांढरे अंक काढा, मग मोटार रस्त्यावर आणा. एवढं सांगून पाटी हातात घेऊन ते कचेरीत चालू लागले.

ते ती ठेवून घेणार, असं मला वाटलं. माझ्या प्रश्नानं पाटी सर्व्हिसवाल्यांकडून सुटली होती आणि सरकारकडे निघाली होती. 

तेव्हा आई पुढे आली. पदर डोक्यावर ओढून, व्हरांड्याच्या पायरीवर, सरळ साहेबांच्या वाटेत. तिथं आप्पा उभे होते. तिनं त्यांच्यासमोर, कुणालाही 'सांग' न म्हणता, तोंड उघडलं.

"साहेब, ती पाटी नव्हे. ती माझी घागर. मागं बघा."

साहेबांनी पाटी उलटी केली. मागे ठिपक्यांची ओळ होती. त्यांना ती वाचता येईना. त्यांनी दारातल्या पट्टेवाल्याला बोलावलं. तो कानडी होता. त्यानं पाटी उजेडाकडे धरली आणि आईचं माहेरचं नाव मोठ्यानं वाचलं, मग गावाचं नाव वाचलं. मी ते नाव दुसऱ्या कुणाच्या तोंडून पहिल्यांदाच ऐकत होते. आईनं "हो" म्हटलं, शाळेत हजेरी घेताना म्हणतात तसं.

"घागर असेल तर या कचेरीचा संबंध नाही," साहेब त्यांच्या पुस्तकी मराठीत म्हणाले. "बाईंनी आपली घागर घेऊन जावी." आणि दोन्ही हातांनी पाटी तिच्या हातात दिली.

सर्व्हिसवाले डोकं खाजवत उभे होते. त्यांनीच साहेबाकडे यायचं काढलं होतं, त्यामुळे तक्रारीला जागा नव्हती. "आक्का, जितलासा," ते म्हणाले. "पर माजं कपाळ उघडंच ऱ्हायलं की."

आई आता थांबणार नव्हती. ती त्यांच्याकडे वळून म्हणाली, "दादा, कपाळ तुमचं तुम्हांलाच दिलं साहेबांनी. आम्ही घेतलं ते बाशिंग. बेंदराच्या सणाला बैलाच्या कपाळावर बाशिंग बांधता, ते बैलाबरोबर विकता का?"

सर्व्हिसवाल्यांनी मान हलवली. "न्हाय," ते म्हणाले. "बाशिंग घरचं." शेतकऱ्याला पटणारं तेच एक उत्तर होतं, आणि ते त्यांना मनापासून पटलं. आप्पा तिकडे तोंड करून आवारातलं झाड बघत होते. त्यांचे खांदे हलत होते. मला आधी वाटलं, रागानं.

परत येताना बेळगावच्या बाजारात सर्व्हिसवाल्यांनी रंगाऱ्याकडून काळी पाटी करून घेतली आणि रंग सुकेपर्यंत आम्ही तिथंच थांबलो. आई म्हणाली, वाचता न येणाऱ्यांसाठी मोटारीच्या कडेला चोवीस पिवळे ठिपके काढून घ्या, मोजता सगळ्यांना येतं. सर्व्हिसवाल्यांनी ते हसण्यावारी नेलं नाही. पुढे कितीतरी वर्षं त्या रस्त्यावर ठिपक्यांची मोटार म्हणूनच ती ओळखली जायची आणि तिला कधी माणसं कमी पडली नाहीत.

या खोळंब्यामुळे उशीर झाला. यमकनमर्डीच्या अलीकडेच सूर्य बुडाला. आमच्यात दिवस मावळल्यावर जेवत नाहीत, आणि आईनं सकाळपासून काही खाल्लं नव्हतं. आप्पांनी मागे न बघता मला विचारलं, "तुझ्या आईला आता उपास पडला की गं?"

"पडला तर पडला," आई स्वतःच म्हणाली. "आज मला भूक न्हाई."

आप्पा मागे वळले. मग म्हणाले, "दावं गोठ्यात टांगतात. हे कुठं टांगणार?" हा प्रश्न त्यांनी माझ्यामार्फत विचारला नाही. दीर-भावजयीचं थेट बोलणं त्या रात्रीपासून सुरू झालं आणि शेवटपर्यंत चालू राहिलं. पुष्कळदा ते भांडणच असे.

"टांगणार न्हाई," आई म्हणाली. "घागरीचा पत्रा घागरीवर. पाण्यावर झाकण."

दुसऱ्या दिवशी आप्पा बाजारात गेले आणि घरी आले ते संध्याकाळी. जो भेटेल त्याला ते सांगत होते की आमच्या पोरीनं साहेबाला इंग्रजीत विचारलं, पितळ कुणाचं, आणि साहेबाला उत्तर देता आलं नाही. साहेबानं उत्तर दिलं होतं, पण मी दुरुस्ती केली नाही. मॅट्रिकनंतर बस, हे वाक्य मी त्यांच्या तोंडून पुन्हा ऐकलं नाही. मॅट्रिकनंतर मी कॉलेजात गेले.

तेव्हा धाकटे, आमच्याकडे लागलेला निकाल असा. नंबर ज्याची गाडी त्याचा, त्याला दे आणि मोकळी हो. पण त्या पाटीत तू स्वतःच्या घागरीतलं काही घातलं असशील, तर ते सोडून घे. गाडी देण्याआधी घे, आणि चांगलं जाड हाराचं गिऱ्हाईक बघ.

मोटार भंगारात गेली आणि साहेबांनी सांगितलं होतं तसा नंबरानं तिची पाठ सोडली. वखार विकली. गोठ्यातली दावी कुजली. पाटी आहे. पुढचा चोवीस झिजला आहे, पण बोटाला लागतो. मागचं नाव अजून वाचता येतं.